रोबोच्या मनगटाची दुरुस्ती, तुमच्या कमरेला गोळी

गेल्या महिन्यात एक जुना पेशंट ओपीडीत आला. तपासायला नाही, औषध लिहून घ्यायला. खुर्चीत बसता बसता त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. "डॉक्टर, हे बघा. हे माझंच काम आहे."

व्हिडिओत माणसाच्या उंचीचा, दोन हात आणि दोन पायांचा एक रोबो होता. रॅकमधून पत्र्याचा पार्ट उचलायचा, वळायचं, दोन पावलं चालायचं, पार्ट फिक्स्चरवर बरोबर बसवायचा, हात काढून घ्यायचे आणि पुन्हा रॅककडे. अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यात स्पार्टनबर्गला बीएमडब्ल्यूचा मोटारींचा कारखाना आहे, तिथलं हे चित्रीकरण. रोबो 'फिगर' नावाच्या कंपनीने बनवलेला.

माझा पेशंट चाकणच्या बाजूला एका प्रेस शॉपमध्ये सात वर्षं याच प्रकारचं काम करत होता. ठेकेदारामार्फत लागलेला, वय छत्तीस. "आता आम्हाला कोण विचारणार?" असं तो हसत म्हणाला. हसताना त्याने उजवा पाय हाताने धरून नीट ठेवला. त्या पायाबद्दल पुढे सांगतो.

हा प्रश्न हल्ली मला बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळतो. तुमच्यापैकी अनेक जण कारखान्यात काम करता, नाहीतर तुमच्या घरातलं कोणीतरी करतं. मी हाडांचा डॉक्टर, इंजिनिअर नाही. रोबोमुळे किती नोकऱ्या जातील हे मी सांगू शकत नाही. पण माणसासारखा रोबो बनवणारे लोक ज्या प्रश्नांशी झगडत असतात (गुडघा किती वाकवायचा, मनगटातून तारा कशा न्यायच्या, तोल गेला तर काय करायचं) ते प्रश्न घेऊनच तुम्ही माझ्यासमोर बसता. त्यामुळे या विषयावर माझं एक मत झालं आहे, आणि ते थोडं कडू आहे.

कारखान्यात रोबो ही नवी गोष्ट नाही. १९६१ साली न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात 'युनिमेट' नावाचा पहिला औद्योगिक रोबो लागला. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलणं हे त्याचं काम, म्हणजे माणसाचे हात भाजणारं काम. त्याला डोकं नव्हतं, पाय नव्हते. एका जागी पक्का बसवलेला नुसता एक हात. आपल्याकडे मोटारींच्या कारखान्यांत वेल्डिंग करणारे पिवळे-केशरी हात तुम्ही पाहिले असतील, ती त्याचीच नातवंडं. माणसासारखा, दोन पायांवर चालणारा रोबो जपानच्या वासेडा विद्यापीठात १९७३ साली तयार झाला. २००० साली होंडाचा 'असिमो' आला आणि जगभर कौतुकाचा विषय झाला. पण हे सगळे प्रयोगशाळेतले आणि प्रदर्शनातले पाहुणे होते. खऱ्याखुऱ्या शिफ्टमध्ये अशा रोबोंनी पाऊल टाकलं ते अगदी अलीकडे. जॉर्जिया राज्यातल्या एका गोदामात 'डिजिट' नावाचा रोबो २०२४ पासून प्लास्टिकचे क्रेट उचलून कन्व्हेयरवर ठेवतो आहे.

माणसाचाच आकार कशासाठी? बनवणारे सांगतात ते कारण पटण्यासारखं आहे. कारखाना माणसाच्या मापाने बांधलेला असतो. जिन्याच्या पायऱ्या, दाराची रुंदी, रॅकची उंची, ट्रॉलीची मूठ, स्विचची जागा, सगळं आपल्या शरीराला धरून. मग कारखाना बदलण्यापेक्षा त्यात मावेल असं यंत्र बनवा. युक्तिवाद ठीक आहे. मी मात्र तो ऐकतो तेव्हा मनात म्हणतो की माणसाच्या मापाने बांधलेल्या त्याच जागेतून माझ्याकडे रोज दहा-पंधरा कमरा येतात. म्हणजे माप कुठेतरी चुकलेलंच आहे.

आता शरीराकडे येऊ. गुडघ्यापासून सुरुवात करतो, कारण माझं निम्मं पोट गुडघ्यांवरच चालतं.

तुम्ही सरळ उभे राहता तेव्हा गुडघा शेवटच्या काही अंशांत किंचित फिरून जणू कडी लावून घेतो. मांडीचा पुढचा मोठा स्नायू मग जवळजवळ विश्रांती घेतो. म्हणून आपण बसस्टॉपवर अर्धा तास उभे राहू शकतो. आता असिमोचं चालणं आठवा, किंवा आजच्या बऱ्याच रोबोंचं बघा. ते गुडघे थोडे वाकवूनच असतात. पाय पूर्ण सरळ झाला की तो हलवण्याचं गणित संगणकाला अडचणीचं होतं, म्हणून वाकलेला पाय सोयीचा. पण त्याची किंमत मोजावी लागते. मोटर सतत ताणात राहते आणि बॅटरी खर्च होते. हवं तर पाच मिनिटं तसे उभे राहून बघा. नको, गुडघे दुखत असतील तर मुळीच बघू नका.

डिजिटच्या रचनाकारांनी तर पाय उलटाच केला. त्याचा गुडघा पक्ष्यासारखा मागच्या बाजूला वाकतो. (खरं म्हणजे पक्ष्याचा तो घोटा असतो, गुडघा वर पिसांत लपलेला असतो. असो.) कारण साधं आहे: रॅकसमोर खाली बसताना गुडघे रॅकवर आपटत नाहीत. कामाला शरीर अडतंय म्हटल्यावर त्यांनी शरीर बदललं. तुमच्या-माझ्या बाबतीत ते शक्य नाही. आपल्याला बदलता येते ती फक्त कामाची जागा.

हाताची गोष्ट याहून मजेदार आहे. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजव्या हाताची बोटं हलवा. आत हालचाल जाणवते ना? बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते इथे असतात. लांब दोऱ्यांनी, ज्यांना आम्ही टेंडन म्हणतो, ते बोटं ओढतात, आणि त्या सगळ्या दोऱ्या मनगटाच्या अरुंद बोगद्यातून जातात. रोबोचा हात बनवणाऱ्यांपुढेही हीच अडचण आली. बोटांत मोटर बसवाव्या तर बोटं वांग्यासारखी जाड होतात. म्हणून लंडनच्या 'शॅडो' कंपनीने आपल्या रोबो-हाताच्या मोटर कोपराखालच्या भागात ठेवल्या आणि बोटं दोऱ्यांनी ओढली. निसर्गाची सरळ नक्कल. स्पर्शाच्या बाबतीत मात्र नक्कल अजून फार मागे आहे. तुमच्या एका तळहातात, बोटं धरून, स्पर्श टिपणारी सुमारे १७,००० सूक्ष्म केंद्रं असतात. तेलकट पत्रा निसटायला लागला की तुमची पकड तुम्हाला कळायच्या आत घट्ट होते.

आता स्पार्टनबर्गच्या त्या रोबोकडे परत या. 'फिगर'ने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्वतःच या कामाचा हिशोब प्रसिद्ध केला. १,२५० तासांहून जास्त काम आणि ९०,००० हून जास्त पार्ट. आणि सगळ्यात जास्त बिघाड कुठे झाला? कोपर ते मनगट या भागात. तिथे जागा कमी, हालचाल तीन दिशांनी, आणि सतत वळण्यामुळे आतल्या तारांवर ताण. ते वाचताना मला हसू आलं, कारण हे वाक्य मी रोज केसपेपरवर लिहितो. रोबोला नावं वेगळी, एवढंच. आपल्याकडे त्याला कार्पल टनेल म्हणतात, टेंडनची सूज म्हणतात.

पुढे कंपनीने काय केलं ते बघा. पुढच्या रोबोसाठी त्यांनी मनगटातली रचनाच बदलली. काही तारा काढूनच टाकल्या. मनगट बिघडतंय म्हणून त्या रोबोला कोणी कामचुकार म्हटलं नाही. 'बाकीच्यांना कसं जमतं?' असं विचारलं नाही. 'पट्टा बांध आणि उद्यापासून ये' असं सांगितलं नाही.

नव्वद हजार पार्ट. माझ्या पेशंटचा वेग मिनिटाला तीन होता. शिफ्टला साडेबाराशेच्या आसपास. म्हणजे नव्वद हजार पार्ट त्याने तीन महिन्यांच्या आत उचलले असतील. आणि अशी सात वर्षं.

अशा रोबोची आणखी एक अडचण सांगण्यासारखी आहे, कारण ती सुरक्षेची आहे. कारखान्यातल्या कुठल्याही मशीनला लाल बटण असतं. दाबलं की वीज बंद, मशीन जागच्या जागी थांबतं. दोन पायांवरच्या रोबोची वीज तोडली तर? तो कोसळतो. उभा माणूस चक्कर येऊन पडतो तसाच. आपण उभे असतो तेव्हा पोटऱ्यांपासून मानेपर्यंतचे स्नायू सतत बारीक बारीक दुरुस्त्या करत असतात म्हणून आपण उभे राहतो. मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंद कमी पडला की सगळं संपतं. साठ-सत्तर किलोचं धातूचं शरीर शेजारी काम करणाऱ्याच्या अंगावर पडलं तर काय होईल हे मी वेगळं सांगायला नको. २०१५ साली कॅलिफोर्नियात आपत्तीत मदत करणाऱ्या रोबोंची मोठी स्पर्धा झाली. फुकुशिमाच्या अणुभट्टीत माणसाला जाता येत नव्हतं, त्या अनुभवातून ती निघाली होती. तिथे बरेच रोबो दार उघडताना किंवा पायऱ्यांवर आडवे झाले. जिंकला तो दक्षिण कोरियाचा 'ह्युबो'. त्याला गुडघ्यांवर बसून चाकांवर सरकता येत होतं! सपाट फरशीवर पाय कशाला, एवढं शहाणपण त्याच्या रचनाकारांना होतं. या पडण्याच्या भीतीमुळे आज अशा रोबोंना माणसांपासून वेगळ्या, आखून दिलेल्या जागेत काम देतात.

माणसाशेजारी काम करणाऱ्या रोबोसाठी २०१६ साली एक आंतरराष्ट्रीय तांत्रिक नियमावली आली. त्यासाठी जर्मनीतल्या माइंझ विद्यापीठात शंभर निरोगी माणसांच्या अंगावर ठिकठिकाणी हळूहळू दाब देऊन, दुखायला नेमकं कधी सुरू होतं ते मोजलं गेलं. शरीराच्या २९ जागा ठरवल्या. रोबोचा हात माणसाला लागलाच तर कुठे किती जोराने लागलेला चालेल, याचा तक्ता त्यातून तयार झाला. मला या अभ्यासाचं मनापासून कौतुक आहे. रोबोचा धक्का माणसाला किती लागावा हे आपण अशा बारकाईने ठरवलं. कामाचा धक्का किती लागावा हे मात्र आपल्या प्रेस शॉपमध्ये कोणी मोजत नाही.

तापण्याचंही तसंच. मोटर काम करते तशी तापते. टोकियो विद्यापीठाच्या 'केंगोरो' या रोबोला चक्क घाम येतो. त्याच्या धातूच्या सांगाड्यातून पाणी झिरपतं, वाफ होते आणि मोटर थंड राहतात. या सोयीवर त्याने अकरा मिनिटं जोर काढले. रोबोची थंड व्हायची वेळ आणि चार्जिंगची वेळ कामाच्या आखणीत आधीच धरलेली असते. लाइनवर काम करणाऱ्या कितीतरी बायका मला सांगतात की त्या शिफ्टमध्ये पाणी पीत नाहीत, कारण बाथरूमला जायला सोडत नाहीत. मग लघवीची जळजळ, इन्फेक्शन, कुणाला मुतखडा. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

आता कमरेकडे. मणक्यांच्या मध्ये गादी असते. तुम्ही म्हणता 'गॅप आलाय', 'गादी सरकलीये', ती हीच. १९९९ साली जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाच्या संशोधकांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत बारीक दाबमापक घालून आतला दाब मोजला. नुसतं उभं असताना ०.५ मेगापास्कल. वीस किलो वजन पाठ गोल वाकवून उचललं तेव्हा २.३. तेच वजन गुडघे वाकवून उचललं तेव्हा १.७, आणि अंगाशी घट्ट धरून उभं राहिल्यावर १.१. आकडे डोक्यावरून जात असतील तर एवढंच लक्षात ठेवा: मोटारीच्या टायरमध्ये साधारण ०.२२ मेगापास्कल हवा असते. वाकून वीस किलो उचललं की गादीत टायरच्या दहापट दाब.

गादी हा दाब सहन करते, ती त्यासाठीच बनलेली आहे. पण मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दिवसभर दाबाखाली तिच्यातलं पाणी पिळून निघतं, रात्री झोपल्यावर परत शिरतं. त्यामुळेच सकाळी तुमची उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते. तिची झीज भरून यायची वाट हीच, आणि ती मंद आहे. डबल ड्युटी करणाऱ्याच्या गादीला ही वेळच मिळत नाही.

(इथे एक सांगतो, नाहीतर हा लेख वाचून चारजण एमआरआय काढून येतील. काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही गादी थोडी बाहेर आलेली सर्रास दिसते. आणि खरोखर नस दबलेली असली तरी बहुतेक पेशंट काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरे होतात.)

किती वजन उचलावं याचं एक सूत्र अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने, म्हणजे 'नायॉश'ने, केलेलं आहे. ते सुरू होतं २३ किलोंपासून, पण ती सगळ्यात आदर्श स्थिती. वजन कमरेच्या उंचीवर, अंगाजवळ, समोर, आणि कधीतरीच उचलायचं. यातलं एकेक बिघडलं की मर्यादा खाली येते. माझ्या पेशंटचं काम त्या सूत्रात घालून बघितलं. पार्ट बिनच्या तळाशी, अंगापासून अर्धा मीटर लांब, म्हणून २३ चे झाले साडेअकरा. जमिनीलगत वाकायचं, म्हणून साधारण नऊ. उचलून नव्वद अंशांत वळायचं, म्हणून सव्वासहा. आणि मिनिटाला तीन वेळा, दिवसभर, म्हणून साडेतीन किलो. त्याच्या पार्टचं वजन होतं आठ.

हे गणित मी कधी केलं माहीत आहे? त्याच्या ऑपरेशननंतर.

तो पहिल्यांदा आला तेव्हा कमरेतून उजव्या पायात कळ जात होती. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी नसेवर दाब देत होती. गोळ्या, विश्रांती, फिजिओथेरपी. महिन्याभरात बरं वाटलं. कामावर जायला सर्टिफिकेट हवं होतं. मी लिहिलं, 'जड वजन उचलू नये, हलकं काम द्यावं.' दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन तो परत आला. गेटवर सांगितलं होतं, हलकं काम नाही. फिट असलास तर आत ये, नाहीतर घरी बस. "डॉक्टर, फिट लिहून द्या. पोरांची फी भरायचीये." मी लिहून दिलं. सही माझी, शिक्का माझा.

पाच महिन्यांनी तो म्हणाला, "चालताना उजव्या पायातली चप्पल निसटते, कळत पण नाही." पाऊल वर उचलणारी नस गेली होती. ऑपरेशन झालं, कळ थांबली, पावलाची ताकद पूर्ण परत आली नाही. आता तो एका लहान वर्कशॉपच्या स्टोअरला बसतो. पगार आधीपेक्षा कमी.

ठेकेदाराला दोष देणं सोपं आहे, आणि तो त्याचा आहेच. पण त्या सहा महिन्यांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की पार्ट किती किलोचा, कुठून उचलतोस, किती वेळा, सरळ की वळून. रोबो बनवणारा माणूस पहिल्या दिवशी हेच विचारतो. त्याला विचारावंच लागतं. डिजिटच्या माहितीपत्रकात उचलण्याची मर्यादा १६ किलो लिहिलेली आहे. त्याच्यापुढे वीस किलोचा क्रेट ठेवून 'होईल रे, लाव जरा जोर' असं कोणी म्हणणार नाही, कारण मोटर जळाली तर बिल कंपनीच्या नावावर येतं. तुमची गादी गेली तर बिल तुमच्या नावावर येतं. सगळा फरक एवढाच आहे, असं मला वाटतं.

म्हणून माझं मत असं. बिनच्या तळात वाकून दिवसाला साडेबाराशे पार्ट काढण्याचं काम रोबोने नेलं तर खुशाल न्यावं. ते कुठल्याच माणसाचं काम नव्हतं. पण कमरा वाचवायला माणसासारख्या रोबोची वाट बघायची गरज नाही. बिन वर उचलून तिरका करणारं टेबल असतं. पार्ट कमी होतील तसं स्प्रिंगवर आपोआप वर येणारं स्टँड असतं. वजन तोलून धरणारा हॉईस्ट असतो. यातलं काहीच नवं नाही. वरच्या सूत्रात पार्ट कमरेच्या उंचीवर आणा, अंगाजवळ आणा आणि फिक्स्चर समोर ठेवून वळणं बंद करा. साडेतीन किलोची मर्यादा साडेबाराच्या आसपास जाते. त्याच माणसाला, त्याच वेगाने, तोच आठ किलोचा पार्ट झेपला असता.

रोबोसाठी मात्र हे सगळं होईल, असा माझा अंदाज आहे. रोबो आणायचा ठरला की रॅकची उंची बदलेल, फरशी सपाट होईल, पार्ट एका ठरावीक जागी, ठरावीक दिशेने ठेवले जातील. आणि तो रॅक भरून द्यायला एक माणूस उभा राहील, रोबोच्या वेगाने. त्याच्या कमरेचं कोण बघणार, हे आत्ताच विचारून ठेवलेलं बरं.

आणखी एक. काही कारखान्यांत 'सेफ्टी' म्हणून कमरेचे पट्टे वाटतात. निरोगी कामगाराने पट्टा बांधल्याने कमरेची इजा टळते याला पुरावा नाही, असं नायॉशने १९९४ सालीच सांगितलं आहे. पट्ट्यावर भरवसा ठेवून जास्त उचलू नका.

आपल्या कारखाना कायद्याने, तो १९४८ चा, इजा होईल इतकं वजन कोणाला उचलायला लावू नये असं म्हटलं होतं. पण त्याच कायद्यातल्या नोंदवायच्या आजारांच्या यादीत शिशाची बाधा होती, सिलिकोसिस होता, आवाजामुळे येणारा बहिरेपणा होता, कंबर नव्हती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या यादीत स्नायू-हाडांचे आजार आहेत, मनगटातला कार्पल टनेलही आहे. आपल्याकडे या दुखण्यांची नोंदच होत नाही, म्हणून ती कुणाच्या हिशोबात येत नाहीत. यात आम्हा डॉक्टरांचाही हात आहे. केसपेपरवर 'कंबरदुखी' लिहितो, 'प्रेस शॉप, वाकून वळणे, मिनिटाला तीन' असं लिहीत नाही.

मी आता लिहायला लागलो आहे. तुम्हीही मदत करा. कमरेसाठी, मनगटासाठी, खांद्यासाठी डॉक्टरकडे जाल तेव्हा नुसतं 'जड काम आहे' म्हणू नका. वस्तूचं वजन किती, ती जमिनीपासून किती उंचीवर असते, अंगापासून किती लांब, उचलून वळावं लागतं का आणि तासाला किती वेळा, एवढं सांगा. मोबाईल आत नेऊ देत नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून कागदावर साधं चित्र काढून आणा. चित्र कसंही चालेल. हलक्या कामाची चिठ्ठी हवी असेल तर डॉक्टरला 'हलकं काम' असं मोघम लिहायला लावू नका. 'गुडघ्याच्या खालून उचलणं नको, वळून ठेवणं नको, अमुक किलोच्या वर नको' असं लिहून मागा. मोघम चिठ्ठी गेटवरून परत येते. नेमकी चिठ्ठी सुपरवायझर कधीकधी वाचतो. कधीकधीच, पण वाचतो.

आणि पायातून चप्पल निसटायला लागली, पाऊल जमिनीला घासायला लागलं, बसायच्या जागी बधिरपणा आला, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर सर्टिफिकेट, शिफ्ट, ओव्हरटाइम यातलं काही बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटलला जा.